पहिली मसल कार रिस्टोर करताना: मोजक्या पैशांचं नियोजन

मसल कार म्हणजे १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या, मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या (आठ सिलिंडर V आकारात) दणकट अमेरिकन गाड्या. आमच्या रिस्टोरेशन वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा येणारे बहुतेक ग्राहक इंजिनापासून बोलायला सुरुवात करतात. ३५० बसवायचं की ३९६ (घन इंचांतला इंजिनचा आकार), कार्ब्युरेटर कोणता घ्यायचा, एक्झॉस्टचा आवाज कसा हवा. विषयच तसा आहे, आम्हालाही त्यावर तासन्‌तास बोलायला आवडतं. पण बजेट मोजकं असेल तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. या गाड्यांमध्ये पैसा सहसा इंजिनात बुडत नाही. तो बुडतो गंजलेल्या पत्र्यात आणि हरवलेल्या बारीकसारीक भागांत.

जाम झालेलं व्ही-८ पाहून नवखा माणूस घाबरतो, पण त्याचं काम ठरलेलं असतं. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, व्हॉल्व्ह आणि सीट, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. इंजिन खोलून मापं घेतली की खर्चाचा आकडा बऱ्यापैकी समोर येतो. पत्र्याचं असं होत नाही. फ्लोअरचं एक भोक कापायला घ्यावं, तर शेजारचा क्रॉसमेंबर (फ्लोअरखालचा आडवा आधार) पोकळ निघतो, आणि तो कापला की आतला रेल (लांबीच्या दिशेचा आधार). म्हणून हे माहितीपत्रक इंजिनापेक्षा पत्र्याबद्दल जास्त बोलतं.

गाडी कशासाठी हवी?

हे ठरल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. रविवारी बाहेर काढायची, घरच्यांना घेऊन लांब जायचं, पाऊस आला तर येऊ दे, अशी गाडी हवी असेल तर मोजक्या पैशांत ती खरंच होते. प्रदर्शनात मांडायची असेल तर तळाच्या नटबोल्टचं प्लेटिंगही मूळ रंगाचं लागतं, आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. तिसरा प्रकार म्हणजे मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, आणि त्यांच्यावरचे नंबर गाडीच्या नंबरशी जुळणारी गाडी. अशी गाडी हाती आलीच तर तिच्यावर बदलाचे प्रयोग करू नका. इंजिनचा ब्लॉक खराब असला तरी तो जपून ठेवा आणि चालवायला दुसरं इंजिन बसवा.

पहिल्या गाडीसाठी आमचा कल स्पष्टपणे पहिल्या प्रकाराकडे आहे. चालवता येईल अशी, सुरक्षित, दहा फुटांवरून देखणी गाडी. मूळ इंजिन नसलेली व्ही-८ गाडी संग्राहकांना कमी प्रिय असते, त्यामुळे ती स्वस्त मिळते. तुमच्यासाठी हा फायदाच आहे.

मॉडेल निवडताना पार्टचा विचार आधी

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आली आणि मार्च १९६६ पर्यंत दहा लाखावी मस्टँग तयार झाली होती. एवढ्या गाड्या बनल्या म्हणूनच आज तिचा जवळपास प्रत्येक पत्रा, रबर, क्लिप नवीन मिळते. १९६७ ते १९६९ च्या कॅमारोचंही तसंच, तिची तर अख्खी बॉडी नव्याने बनवून मिळते. शेवरले शेवेलचे पार्टही मुबलक आहेत. याउलट मर्क्युरी कुगर किंवा एएमसी जॅव्हलिन घ्यायला स्वस्त पडते, पण तिची एखादी क्रोमची पट्टी किंवा ग्रिल शोधण्यात महिने जातात. अशी गाडी आवडली असेल तर जरूर घ्या, फक्त ती पूर्ण असली पाहिजे. ट्रिम, बंपर, काचा, डॅशबोर्डचे मीटर, सीटच्या फ्रेम, सगळं जागेवर. चालू पण अर्धवट गाडीपेक्षा बंद पण पूर्ण गाडी आम्ही केव्हाही पसंत करू.

दुसऱ्या कोणी खोलून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त दिसते. ती पहिल्यांदा घेऊ नका. काय हरवलंय हे जोडायला बसेपर्यंत कळत नाही.

थोडं बाजूला पाहिलंत तर पैसे वाचतात. १९७१ ते १९७४ च्या गाड्यांची अश्वशक्ती कागदावर एकदम घसरलेली दिसते आणि लोक त्यांच्याकडे पाठ फिरवतात. त्या घसरणीचा काही भाग खरा आहे, कारण १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते प्रमाण, उतरवलं. पण काही भाग निव्वळ मोजण्याच्या पद्धतीचा आहे. १९७१ पर्यंत जाहिरातीतला आकडा उघड्या इंजिनाचा असे. १९७२ पासून एअर क्लीनर, एक्झॉस्ट, अल्टरनेटर जोडून मोजलेला आकडा देऊ लागले. शिवाय कमी कॉम्प्रेशनचं इंजिन साध्या पेट्रोलवर कुरकुर न करता चालतं. १९७० च्या काही जोरदार इंजिनांचं कॉम्प्रेशन ११ च्या आसपास होतं, त्यांना महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं.

सहा सिलिंडरची १९६५ किंवा १९६६ ची मस्टँग घेऊन तिच्यात व्ही-८ टाकू, असा बेत पुष्कळ जण करतात. त्या गाडीच्या चाकाला चारच बोल्ट असतात, व्ही-८ मस्टँगला पाच. म्हणजे फक्त इंजिन बदलून भागत नाही. पुढची स्पिंडल (चाक जिच्यावर फिरतं ती), ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल, स्प्रिंग, स्टिअरिंगचे भाग असं सगळं ओघाने येतं. सहा सिलिंडर तशीच ठेवली तर मात्र ती फार गुणी आणि स्वस्तात होणारी गाडी आहे.

बॅजवर विश्वास ठेवू नका

गाडीवरच्या एसएस, जीटीओ अशा खास मॉडेलच्या बॅजसाठी जास्त पैसे मागितले जात असतील, तर चॅसी नंबर पाहिल्याशिवाय बोलणी करू नका. १९६६ ते १९६८ च्या खऱ्या शेवेल एसएस ३९६ चा नंबर १३८ ने सुरू होतो. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं, त्यामुळे नंबरवरून सहसा काही सिद्ध होत नाही, मूळ कागदच लागतात. पाँटिअ‍ॅक जीटीओचं उलटं आहे. १९६४ आणि १९६५ मध्ये ती ल मान्सवरचं ऑप्शन होती, १९६६ ते १९७१ मध्ये तिच्या नंबरला स्वतःचा २४२ हा कोड होता. मस्टँग आणि क्रायस्लरच्या (डॉज, प्लिमथ) गाड्यांत नंबरचं पाचवं अक्षर कारखान्यात बसवलेलं इंजिन सांगतं. १९६८ च्या सुमारास हा नंबर पुढच्या काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर आला. त्याआधीच्या मस्टँगमध्ये तो बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावर शोधावा लागतो. नंबर आणि मालकीचे कागद अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. एकही अक्षर वेगळं असेल तर सौदा तिथेच थांबवा, गाडी कितीही सुंदर असो.

गंज कुठे असतो

गाडी बघायला जाताना टॉर्च, मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, पाण्याची बाटली आणि अंगावर घाण झाली तरी चालतील असे कपडे एवढं पुरतं.

मस्टँग असेल तर आधी बाटलीतलं पाणी पुढच्या काचेखालच्या जाळीत ओता. त्या जाळीखाली काऊल नावाची पोकळी असते. पानं-माती अडकून ती आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी ओतल्यावर आत पाय ठेवण्याच्या जागी ठिबकायला लागलं, तर समजा की बॉनेट, फेंडर उतरवून स्पॉट वेल्ड फोडण्याचं मोठं काम आहे. ओला कार्पेट बदलून विकलेल्या गाड्या आम्ही अनेकदा पाहतो, म्हणून कार्पेट उचलून पाहायला संकोचू नका.

मग गाडीखाली जा. मस्टँगला आणि क्रायस्लरच्या बहुतेक मसल गाड्यांना वेगळी चॅसी नसते, बॉडी हीच चॅसी. त्यामुळे रेल आणि फ्लोअरच्या कोपऱ्यांतले टॉर्क बॉक्स (रेल आणि बाजूचा पत्रा जोडणाऱ्या पेट्या) गंजले तर गाडीचा कणाच गेला. मस्टँगची बॉडी अशी कमजोर झाली असेल तर जॅकवर उचलताना दरवाजा नीट लागत नाही. कॅमारोला फक्त पुढे वेगळी सबफ्रेम (अर्धी चॅसी) असते. शेवेल आणि जीटीओला पूर्ण वेगळी चॅसी असते, तिथे मागच्या चाकावरचा वळलेला भाग आणि बॉडी माउंटच्या जागा ठोकून पाहा. ठणठणीत आवाज यायला हवा, भदभद नको.

विनाइल रूफ (छतावर चिकटवलेलं कापड) असलेली गाडी दिसली की मागच्या काचेच्या खालचे दोन्ही कोपरे बोटाने दाबा. कापडाखाली फोड लागले तर आत गंज आहेच. तिथून गळणारं पाणी डिकीत उतरतं, म्हणून डिकीचा मॅट काढून स्टेपनीची जागाही बघा. १९६८ ते १९७० च्या डॉज चार्जरमध्ये मागची काच दोन उतरत्या खांबांच्या मध्ये खोल बसवलेली असते. दिसायला अप्रतिम, पण पाणी साचायला उत्तम जागा.

चुंबक चाकांच्या कमानीवर, दरवाजांच्या खालच्या कडेला आणि मागच्या क्वार्टर पॅनलवर (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) फिरवा. जिथे पकडत नाही तिथे जाड पुट्टी आहे. थोडी पुट्टी म्हणजे लबाडी नव्हे. हातभर रुंद भागात चुंबक घसरत असेल तर मात्र खाली पत्रा उरलेला नाही असं धरून चाला.

पैसे कसे वाटायचे

आमचा ठोकताळा असा. एकूण जितके पैसे घालवायची तयारी आहे, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त गाडी घेण्यात घालवू नका. अपवाद एकच: पत्रा खरोखर निरोगी असेल तर अर्ध्यापर्यंत जा, ते पैसे वेल्डिंगमध्ये वाचतात. आणि एक चतुर्थांश रक्कम कशासाठीच धरू नका, नुसती बाजूला ठेवा. तिला काम आपोआप सापडतं.

उरलेल्या पैशांतून पहिला हक्क ब्रेकचा. १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा होता. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७ पासून दुहेरी सिलिंडर आला. जुन्या गाडीला दुहेरी सिलिंडर बसवणं हा खर्च आम्ही कुणालाच टाळू देत नाही, मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी. त्यानंतर स्टिअरिंगचे जोड, बॉल जॉइंट, पेट्रोलची टाकी आणि पाइप, टायर. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, तसाच काढून टाका.

वायरिंगमध्ये जोडाजोड करून पैसे वाचवू नका. पन्नास वर्षांपूर्वीचं आवरण हातात तुटतं. विशेषतः क्रायस्लरच्या गाड्यांत चार्जिंगचा करंट डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून फिरून येतो आणि इंजिनमागच्या भिंतीतल्या कनेक्टरवर तापतो. तो कनेक्टर उघडून पाहा. प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर नवं हार्नेस (वायरिंगचा पूर्ण संच) हाच उपाय.

गाडी चालती ठेवा

पहिल्याच महिन्यात शेवटच्या बोल्टपर्यंत गाडी सुटी केली, तर उत्साह टिकणं फार कठीण होतं. अर्धवट सोडून विकायला निघालेल्या गाड्या बहुतेक अशाच असतात. शक्य असेल तर टप्प्याटप्प्याने करा. एक हंगाम ब्रेक आणि स्टिअरिंग, मग पत्रा, मग इंजिन, मग रंग. मधल्या काळात ती चालवा. चालवल्यावरच कळतं कुठला आवाज खरा त्रासाचा आहे.

जे खोलाल त्याचे आधी फोटो काढा, बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर जागा लिहा. जुना पार्ट नवा बसून नीट चालेपर्यंत फेकू नका. नव्या पत्र्याची भोकं पुष्कळदा जुळत नाहीत, तेव्हा जुना पार्टच माप सांगतो.

घरी करता येण्यासारखं खूप आहे: खोलणं, साफसफाई, ब्रेकची जुळवाजुळव, सीट काढणं, कार्पेट, रबर-बीडिंग. वेल्डिंग, क्रँकचं काम आणि शेवटचा रंग आमच्याकडे किंवा दुसऱ्या जाणत्या कारागिराकडे द्या. घरी काम करताना दोन गोष्टी पाळाच. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. आणि जुन्या ब्रेक लायनर, क्लच प्लेटची धूळ हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या रंगात शिसं असतं, घासताना चांगला मास्क लावा.

इंजिनाबद्दल थोडंसं

खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. आठही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे असतील तर सील, गॅस्केट, वॉटर पंप बदलून पुढची कित्येक वर्षं काढता येतील. हेड उतरवलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या, कारण १९७० पर्यंतची बहुतेक इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर मऊ पडतं, म्हणून सगळे होस बदला.

नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळ पद्धतीच्या सपाट टॅपेटचा असेल तर पहिली वीस-तीस मिनिटं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वरच ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. तेल झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं वापरा. आधुनिक गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं, आणि त्यामुळे नवा कॅम काही मिनिटांत घासला जाऊ शकतो.

रंग आणि क्रोम

आहे तोच रंग ठेवलात तर दरवाजांच्या आतल्या कडा, डिकी, इंजिनची जागा रंगवण्याचं काम निम्म्याने कमी होतं. काळा रंग टाळा, त्यात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते. बॉनेट, रूफ, दरवाजे यांच्यावर सँडब्लास्टिंग करू देऊ नका, मोठा सपाट पत्रा वाकतो. केमिकलने रंग उतरवा. बंपर पुन्हा क्रोम करण्यापेक्षा नवा घेणं अनेकदा स्वस्त पडतं. जस्ताच्या ओतीव पट्ट्यांना बारीक खड्डे पडले असतील तर त्यांचं प्लेटिंग सर्वांत महाग, म्हणून गाडी घेतानाच त्या निरखून पाहा.

भेटीला येताना

गाडी घेण्याआधी आलात तर आम्हाला जास्त उपयोगी पडता येतं. चॅसी नंबरचा आणि दरवाज्यावरच्या किंवा काऊलवरच्या, गाडीचा तपशील कोरलेल्या पट्टीचा फोटो आणा. गाडीखालून पुढून मागे, काऊलच्या जाळीत, डिकीचा मॅट उचलून आणि कार्पेट उचलून काढलेले फोटो हवेत. नसलेल्या वस्तूंची यादी करा, अगदी दरवाजाच्या हँडलपर्यंत. आणि एकूण किती पैसे घालवायची तयारी आहे तो आकडा मोकळेपणाने सांगा. आकडा लहान असेल तर कामं कोणत्या क्रमाने घ्यायची आणि कोणती पुढच्या वर्षावर ढकलायची, हे आम्ही तुमच्यासोबत बसून लिहून देतो.