वशीकार वैराग्य

पातंजल योगदर्शनात सांगितलेली चित्ताची निरिच्छ अवस्था. डोळ्यांनी पाहिलेले भोग आणि शास्त्रांतून ऐकलेले स्वर्गादी भोग, या दोहोंची तहान ज्याला उरली नाही त्याच्या वैराग्याला समाधिपाद या पहिल्या प्रकरणातील १५ व्या सूत्रात 'वशीकार' ही संज्ञा दिली आहे.

इच्छा दाबून टाकणे म्हणजे वैराग्य, हा समज फार पसरला आहे आणि तो साधकाला नडतो. योगसूत्रांचे भाष्यकार व्यास यांची कसोटी वेगळी आहे: विषय प्रत्यक्ष समोर असतानाही चित्त त्याच्याकडे ओढले जाऊ नये आणि त्याला झिडकारूही नये. वस्तू मिळत नाही म्हणून गप्प बसलेले मन विरक्त नव्हे. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण गोडी मागे राहते, असे गीताही म्हणते (२.५९).

व्यासभाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी इथवरच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. रागद्वेष पक्व करून क्षीण करण्याची खटपट सुरू होते ती 'यतमान'. त्यांतले कोणते गेले, कोणते शिल्लक आहेत हे निवडून पाहणे म्हणजे 'व्यतिरेक'. 'एकेंद्रिय' अवस्थेत इंद्रिये धावत नाहीत, तरी मनात उत्सुकता रेंगाळत असते. साधक इथेच जास्त फसतो, कारण बाहेरून सगळे शांत दिसते. ती उत्सुकताही मावळली की वशीकार. त्यापलीकडे परवैराग्य आहे. त्यात पुरुषाच्या, म्हणजे आत्म्याच्या, ज्ञानामुळे त्रिगुणांचीही ओढ संपते.

वैराग्य एकटे पुरत नाही, त्याला अभ्यासाची, म्हणजे चित्त स्थिर ठेवण्याच्या सततच्या प्रयत्नाची, जोड लागते (योगसूत्र १.१२). हिंसा, असत्य यांसारखे विचार सतावू लागले की त्यांच्या विरुद्ध भावना मनात धरावी, असा 'प्रतिपक्षभावना' नावाचा उपाय साधनपाद या दुसऱ्या प्रकरणात आहे (२.३३).

सातारा जिल्ह्यात हा विषय पंडितांपुरता राहिला नाही. सज्जनगडावर समाधी असलेल्या समर्थ रामदासांनी २०५ मनाच्या श्लोकांत मनालाच समोर बसवून समजावले आहे. पाचव्या श्लोकात ते पापसंकल्प सोडायला सांगतात आणि लगेच सत्यसंकल्प जिवाशी धरायला लावतात. मनाचे रिकामे झालेले ठिकाण भरायचे कशाने, हे त्यांनी मोघम ठेवले नाही. प्रतिपक्षभावनेच्या इतक्या जवळ जाणारी सोपी मराठी मांडणी विरळाच. माणदेशातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) स्वतः गृहस्थ होते. वासनेवर त्यांनी नामस्मरणाचा उपाय सांगितला, आणि तोही प्रपंच न सोडता.