बालशिक्षण आणि बालवाडीची निवड

जन्मापासून पहिलीत जाईपर्यंतच्या मुलांची जाणीवपूर्वक केलेली जोपासना आणि त्या जोपासनेतून घडणारे त्यांचे शिकणे, यांना मिळून बालशिक्षण म्हणतात. युनेस्को हा काळ वयाच्या आठव्या वर्षापर्यंत धरते. रोजच्या बोलण्यात मात्र तीन ते सहा हेच वय डोळ्यांपुढे असते. बालवाडी, बालमंदिर, शिशुविहार, नर्सरी अशी या संस्थांची नावे आहेत. पाळणाघर सांभाळण्यासाठी आणि बालवाडी शिकवण्यासाठी, ही वाटणी मोठ्यांच्या सोयीची आहे. मुलाच्या बाजूने पाहिले तर तिला फारसा अर्थ उरत नाही. दीड वर्षाच्या मुलाचा लंगोट बदलताना त्याच्याशी कोणी बोलते की मुकाट्याने काम उरकते, यावर त्याचे भाषाशिक्षण अवलंबून असते.

‘पूर्वप्राथमिक’ या शब्दाने एक गैरसमज रुजवला आहे. ही वर्षे म्हणजे शाळेची पूर्वतयारी, असे त्यातून वाटते आणि मग पहिलीचा अभ्यास तीन वर्षांच्या मुलापर्यंत खाली ओढला जातो. या वयाचे शिकणे वेगळ्याच जातीचे असते, ते शालेय शिकण्याची छोटी आवृत्ती नसते.

मूल कसे शिकते

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या जवळपास नऊ दशांश झालेला असतो. पहिल्या वर्षांत मेंदूपेशींमध्ये प्रचंड वेगाने जोडण्या तयार होतात, वापरल्या जाणाऱ्या बळकट होतात आणि न वापरलेल्या गळून पडतात. त्या वापरात येतात त्या मुख्यतः माणसांच्या सहवासात. बाळ हुंकार देते, आई हुंकाराला उत्तर देते, बाळ पुन्हा काही म्हणते. ही देवघेव दिवसातून शेकडो वेळा घडते आणि तिच्यातून भाषा, भरवसा, लक्ष देण्याची सवय अशा बऱ्याच गोष्टी उभ्या राहतात. पडद्यावरचे चित्र बाळाच्या हुंकाराला थांबून उत्तर देत नाही.

तीन वर्षांचे मूल शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते तेव्हा घरच्यांना कौतुक वाटते. पाच बटणांच्या दोन ओळी त्याच्यापुढे मांडून एक ओळ जरा पसरली की पसरलेल्या ओळीत बटणे जास्त आहेत, असे हेच मूल बहुधा सांगते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने अशा प्रयोगांतून दाखवले की अंकांचे पाठांतर आणि संख्येची समज यांत काही वर्षांचे अंतर असते. पाटावर वाट्या मांडणे, मोजे जोडीजोडीने लावणे, वाळूने डबा भरणे आणि रिकामा करणे यांतून हे अंतर हळूहळू भरून निघते.

लेखनाचे तर शरीरशास्त्रीय कारणच आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या, म्हणजे मऊ आणि लवचीक ऊतीच्या रूपात असतात आणि एकेक करत पुढील अनेक वर्षे हाडात बदलत राहतात. बोटांची पकडही आधी मुठीची असते, तीन बोटांची नंतर येते. चिकणमाती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, पाण्याने भिजलेले फडके पिळणे ही सारी लेखनाचीच तयारी आहे. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन ओळीत अक्षरे गिरवायला लावली तर हात दुखतो, आणि त्याहून वाईट म्हणजे अक्षरांविषयी अढी बसते.

आणि खेळ. काठीवर बसून मूल ‘घोडा’ पळवते तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपासून मनातला अर्थ त्याने सुटा केलेला असतो. पुढे अक्षर हे ध्वनीचे चिन्ह आहे, हे कळायला हीच शक्ती लागते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोत्स्की यांनी या लुटूपुटीच्या खेळाला म्हणूनच इतके महत्त्व दिले. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली खेळातील सहभागाचे टप्पे मांडले: एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ नुसता पाहणे, शेजारी बसून आपापले खेळणे, आणि शेवटी खरोखर मिळून खेळणे. दोन वर्षांच्या मुलाचे जे पालक ‘आमचे मूल कोणात मिसळत नाही’ अशी काळजी करतात, त्यांनी हे टप्पे जरूर लक्षात घ्यावेत. शेजारी बसून पाहणे हीही सोबतच असते.

विचाराचा प्रवास

स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन यांनी आपल्या सूतगिरणीतील कामगारांच्या लहानग्यांसाठी १८१६ मध्ये शाळा उघडली. मुलांना मारू नये, रागावू नये आणि पुस्तकांनी त्रास देऊ नये, अशी त्यांची शिक्षकांना ताकीद होती. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि ठोकळे ही त्यांची साधने पुढे जगभर गेली. नास्तिकतेचा आणि समाजवादाचा ठपका ठेवून प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. १८६० मध्ये उठलेली बंदी त्यांना पाहायला मिळाली नाही.

मारिया माँटेसरी या व्यवसायाने डॉक्टर. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी ‘बालगृह’ सुरू केले. तेथे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवत होती. भोवती इतर मुले गात होती, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम चालूच राहिले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग आपणहून, प्रसन्न चेहऱ्याने थांबली. मुलांना एकाग्रता नसते हा समज किती उथळ आहे, हे दाखवायला ही एक नोंद पुरेशी आहे.

लंडनच्या डेप्टफर्ड भागात मॅकमिलन भगिनींनी १९१४ मध्ये मोकळ्या हवेतली बालशाळा उभारली. अंघोळ, जेवण, झोप आणि बाग हाच तिचा अभ्यासक्रम होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने हे शिक्षण आदिवासी पाड्यांवर नेले. मुले वर्गात येत नाहीत असे दिसल्यावर वर्गच त्यांच्या अंगणात गेला आणि ‘अंगणवाडी’ झाली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे याच नावाने ओळखली जातात. त्याच १९४५ साली इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यातील लोकांनी युद्धात मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांत बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलवरून ते पाहायला गेला आणि पुढे आयुष्यभर त्या कामात राहिला.

परिणामांविषयी सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग अमेरिकेतील मिशिगन राज्यातला आहे. इप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतील १२३ मुलांचे दोन गट करून एका गटाला उत्तम बालशिक्षण आणि घरभेटी दिल्या गेल्या. बुद्ध्यंकातली सुरुवातीची वाढ काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीपर्यंत माग काढल्यावर त्या गटात शालेय शिक्षण पुरे करणारे जास्त, कमाई जास्त आणि अटकेचे प्रसंग कमी आढळले. लाभ टिकला तो चिकाटी आणि माणसांत वावरण्याची समज यांतून, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो पटण्याजोगा आहे. मात्र ते वर्ग लहान होते आणि शिक्षक प्रशिक्षित होते. कोणतीही बालवाडी असा परिणाम देईल, असे यावरून म्हणता येत नाही.

बालवाडी निवडताना

इमारत, रंगीत भिंती, गणवेश आणि माहितीपत्रक यांवरून फारच थोडे कळते. समारंभाच्या दिवशी न जाता नेहमीच्या दिवशी जावे आणि तासभर एका कोपऱ्यात शांत बसावे. एखादे मूल पडते, दुसऱ्याला चावते किंवा रडू लागते, तो क्षण पाहावा. मोठे माणूस खाली बसून त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवते का? ‘रडू नकोस, बाकीचे बघ कसे शहाणे आहेत’ असे म्हणते, की ‘तुला लागले’ असे म्हणून आधी जवळ घेते? माझ्या मते एवढे एक निरीक्षण बाकी सगळ्या चौकशीपेक्षा मोलाचे आहे.

कानही उघडे ठेवावेत. वर्गात मुलांचा आवाज जास्त ऐकू येतो की शिक्षिकेचा? सतत शांत असलेला तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग ही शंकेची जागा आहे. भिंतीवर तीस मुलांची तीस फुलपाखरे अगदी एकसारखी असतील तर ती मोठ्यांनी केली आहेत असे समजावे. खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर आहेत की कपाटात शोभेला, रोज बाहेर खेळायला मिळते का, शौचालय स्वच्छ आणि मुलांच्या मापाचे आहे का, हे स्वतः चालत जाऊन पाहावे.

एका मोठ्या माणसामागे किती मुले, हा प्रश्न थेट विचारावा. इंग्लंडच्या नियमांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागे आणि दोन वर्षांच्या पाच मुलांमागे किमान एक मोठे माणूस लागते. असा कडक नियम सगळीकडे नसतो, पण अंदाज घ्यायला तो उपयोगी पडतो. तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न: इथल्या शिक्षिका किती वर्षांपासून आहेत? दर सहा महिन्यांनी माणसे बदलत असतील तर मुलाला लळा लावायला कोणी उरत नाही. मूल जेवले नाही, झोपले नाही, कपडे ओले केले तर काय करता, असे विचारावे आणि उत्तरापेक्षा उत्तराचा सूर ऐकावा. मूल कोणाच्या हाती सोपवले जाते, प्रथमोपचार कोणाला येतात, दार कसे बंद असते, याची उत्तरे मात्र स्पष्ट आणि तयार असली पाहिजेत. कॅमेरे असणे चांगले, पण पालकांना कधीही आत येऊ देणारे दार त्याहून चांगले.

घरची भाषा बोलणाऱ्या मुलाला तिथे गप्प बसावे लागते का, हेही पाहावे. घरची भाषा तोडून दुसरी लादली तर मुलाची दोन्हीकडे कुचंबणा होते. प्रवेशासाठी अडीच वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणारी किंवा त्याला घरचा अभ्यास देणारी संस्था टाळावी, असे इथे निःसंकोच म्हणावेसे वाटते. दोन संस्था सारख्याच वाटल्या तर घराजवळची घ्यावी. लांबच्या गाडीप्रवासात लहान मूल वर्गात पोहोचण्याआधीच थकते.

रुळण्याचे दिवस

आई-वडिलांपासून दूर होताना रडणे हे लळा घट्ट असल्याचे लक्षण आहे. पहिले काही दिवस घरच्या कोणीतरी सोबत बसावे, मग तासभर बाहेर जावे आणि हळूहळू वेळ वाढवावा. मुलाची नजर चुकवून निसटणे सोपे वाटते, पण त्यामुळे मूल पुढे प्रत्येक क्षणी दाराकडे पाहू लागते. सांगून, हात हलवून जावे आणि ठरल्या वेळी परत यावे. घरचे एखादे मऊ फडके किंवा बाहुली सोबत असली तर ती काढून घेऊ नये, आणि संस्थेनेही मुलाला एक ठरावीक माणूस नेमून द्यावे.

दारात रडणारे मूल दहा मिनिटांनी खेळात रमत असेल तर काळजीचे कारण नाही. कित्येक आठवड्यांनंतरही झोप उडत असेल, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतली असेल किंवा एखाद्या विशिष्ट माणसाचे नाव निघताच मूल आक्रसत असेल, तर आधी त्याचे ऐकावे, न कळवता भेट द्यावी, शिक्षिकेशी बोलावे आणि समाधान झाले नाही तर वर्षाचे शुल्क भरले आहे म्हणून न थांबता जागा बदलावी. बदलतानाही ज्या मैत्रिणीशी किंवा शिक्षिकेशी मुलाची गट्टी जमली होती, तिचा निरोप त्याला घेऊ द्यावा. नव्या जागी मग पुन्हा पहिल्यापासून, आधी सोबत बसून आणि मग तासभर बाहेर जाऊन, सुरुवात करावी.