सिम्फायला की पॉरोपोडा? किनाऱ्यावरच्या मातीतले दोन पांढरे जीव

वाळूत रुतलेला दगड उलटला आणि खाली पांढरट, बिनडोळ्यांचा, बऱ्याच पायांचा इवलासा प्राणी पळाला, की ते गोमेचं पिल्लू वाटतं. पण किनाऱ्यावर मिळणाऱ्या बारीक, लांबट गोमेला पायांच्या निदान २७ जोड्या असतात. त्याहून बऱ्याच कमी दिसल्या, तर प्रश्न बहुधा सिम्फायला आणि पॉरोपोडा या गोमेच्या दोन दूरच्या नातेवाइकांतलाच.

प्रौढ सिम्फायलाला पायांच्या १२ जोड्या, प्रौढ पॉरोपोडाला बहुधा ९. पण नुसते पाय मोजून नाव ठरवू नका. सिम्फायला अंड्यातून ६-७ जोड्या घेऊन निघतो आणि कात टाकताना जोड्या वाढत जातात. म्हणजे त्याचं ९ जोड्यांचं पिल्लू आकारानेही थेट प्रौढ पॉरोपोडासारखं भासतं. शिवाय सिम्फायलांपैकी सिम्फायलेला या प्रजातीत (genus) पहिली जोडी नुसत्या खुंटाएवढी असल्याने ती नजरेतून सुटते.

म्हणून २० पट भिंगाखाली आधी शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहा. सिम्फायलाची शृंगिका मण्यांच्या माळेसारखी लांब आणि एकसंध असते, तर पॉरोपोडाची टोकाशी फाटे फुटलेली. मग शेपटाकडे वळा. सिम्फायलाच्या मागच्या टोकाला दोन टोकदार उपांगं असतात आणि त्यांतून रेशीम निघतं. पॉरोपोडाला ती नसतात. त्याच्या कडेला लांब संवेदी केस दिसतात. त्याची लांबी ०.५ ते २ मिलिमीटर, तर सिम्फायला १० मिलिमीटरपर्यंत वाढू शकतो. चाल पाहायची तर जिवंत असतानाच पाहा: पॉरोपोडा पळतो, थबकतो, पुन्हा पळतो.

दोघांनाही खणता येत नाही. कणांमधल्या आयत्या पोकळ्यांतूनच ते फिरतात. त्यामुळे मुंबईत ट्रॅक्टरने साफ होणारी, दाबली गेलेली वाळू सोडा. मढ, मनोरी, गोराईकडे भरतीरेषेच्या वर, मर्यादवेलीखाली किंवा सुरूखालच्या ओल्या पाल्याखाली, शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या भरड वाळूत शोधा. खाडीचा गाळ घेऊ नका, पाणी गढूळ होऊन काहीच दिसत नाही.

अर्धा लिटर वाळू बादलीत घाला, चारपट पाणी ओता, हलकेच ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाळू तळाशी बसते, हे जीव तरंगतात. वरचं पाणी मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा आणि कापड लगेच काळ्या बशीत ओल्या ब्रशने तपासा. नमुना आणताना पिशवी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली, तर घरी पोहोचेपर्यंत ते मेलेले असतात. दोघांचीही कातडी पातळ असल्याने कोरडी हवा त्यांना सोसत नाही. चिमट्याने उचलाल तर शृंगिका तुटतील, आणि ओळखीची मुख्य खूणच जाईल. ब्रशने उचलून ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जागा, तारीख आणि भरतीरेषेपासूनचं अंतर पेन्सिलीने कागदावर लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळू शकते.