गुलाबाची फांदी बटाट्यात खोचू नका
गुलाबाची फांदी बटाट्यात खोचून कुंडीत पुरली की हमखास मुळं फुटतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. मुळं फांदीच्या स्वतःच्याच पेशींतून, बहुधा डोळ्याजवळ (फांदीवर जिथून पान फुटतं तिथे) आणि कापाच्या कडेला फुटतात. त्यांना चालना देणारं ऑक्सिन हे वनस्पतीचं संप्रेरक (हार्मोन) कोवळ्या पानांतून आणि कळ्यांतून खाली उतरतं. बटाटा त्यात काहीच भर घालत नाही. उलट पंधरा दिवसांनी उकरलं तर बऱ्याचदा बटाटा लिबलिबीत झालेला आणि फांदीचं टोक काळं पडलेलं दिसतं. कधी बटाट्यालाच कोंब येतो आणि गुलाबच फुटला असं वाटतं.

पेन्सिलीएवढी जाड, 15-20 सेंटिमीटरची फांदी डोळ्याच्या जरा खाली कापा, भुसभुशीत ओलसर मातीत लावा. चिखल नको, मुळांना हवाही लागते. आणि कृपा करून रोज उपटून पाहू नका.