उभा पडदा आणि आपला खांदा

घरी लॅपटॉप घेताना टचस्क्रीनसाठी जादा पैसे मोजावेत का? आधी थोडं मागे जाऊ. १९८३ साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-१५० हा टचस्क्रीनचा संगणक बाजारात आणला. त्याच्या ९ इंची पडद्याच्या चौकटीत बारीक छिद्रं होती आणि त्यांतून अवरक्त किरणांचं अदृश्य जाळं पडद्यासमोर पसरलेलं असे. बोटाने किरण अडले की बोट कुठे आहे ते संगणकाला कळे. छिद्रांत धूळ साचायची, ती काढत बसावं लागायचं. पुढे तंत्र बदललं आणि धुळीचा प्रश्न सुटला. खांद्याचा मात्र आजही तसाच आहे.

आपला एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. ६० किलोच्या माणसाचा सुमारे ३ किलो. टेबलावरच्या उभ्या पडद्याकडे हात लांबवून धरला की हा सगळा भार खांद्याच्या स्नायूंवर येतो. स्नायू सतत ताणात राहिला की त्यातला रक्तपुरवठा रोडावतो आणि थोड्याच वेळात खांदा भरून येतो. माऊसचं तसं नाही. हात टेबलावर टेकलेला असतो आणि तो दोन-चार सेंटिमीटर हलवला तरी बाण पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ यांनी २०१० साली आपल्या मॅक संगणकांना टचस्क्रीन न देण्याचं हेच कारण जाहीरपणे सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये उलटी वाट धरली. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेलं, बोटाला सोयीच्या मोठ्या टाइल्स आल्या. माऊसवाले इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं.

दुसरी अडचण बोटाच्या जाडीची. बोट काचेवर टेकतं ती जागा जवळपास सेंटिमीटरभर रुंद असते. १५.६ इंची फुल एचडी पडद्यावर तेवढ्या रुंदीत पन्नासहून जास्त पिक्सेल (चित्र घडवणारे बारीक ठिपके) बसतात, तर माऊसचा बाण एकाच पिक्सेलवर नेम धरतो. ‘दिर्घ’ असं टंकलं गेलं आणि पहिली वेलांटी दुरुस्त करायची आहे, तर बोटाखाली अख्खा शब्दच झाकला जातो. एक्सेलच्या अरुंद रकान्यांतही हेच होतं.

पण म्हणून घरच्या टचस्क्रीनला मी निकामी म्हणणार नाही. नकाशा मोठा करून पाहणं, फोटो चाळणं, पीडीएफवर सही करणं, माऊस न जमणाऱ्या आजी-आजोबांना नातवंडांचा व्हिडिओ कॉल लावता येणं, यांत बोटाची सर कशालाच नाही. (कणकेचे ओले हात तेवढे पुसून घ्यावेत, बोटामुळे काचेवरच्या विद्युतक्षेत्रात पडणारा फरक पडदा ओळखतो आणि पाण्याच्या थेंबानेही तो फसतो.) ही सगळी कामं क्षणभराची आहेत, किंवा पडदा हातात वा मांडीवर आडवा असताना करायची.

तेव्हा पूर्ण उलटा दुमडणारा आणि पेन चालणारा लॅपटॉप असेल, घरात कुणी चित्रं काढणारं किंवा गणितं सोडवणारं असेल, तर टचस्क्रीनसाठी जादा पैसे जरूर मोजावेत. टेबलावर उभाच राहणार असेल, तर तेच पैसे जास्त रॅम, मोठी एसएसडी (फाइली साठवायची जागा) आणि चांगल्या माऊसवर घालावेत.