पाल चुकचुकली आणि घंटा वाजली

पहिल्या रात्री घंटा अकरा वेळा वाजली. त्यातल्या दोन वेळा काकांनी बोलावलं होतं. उरलेल्या नऊ वेळा, भिंतीवरच्या पालीने.

गुहागरजवळच्या आमच्या वाडीत काका काही वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत. आंबे काढताना कलमावरून पडले, मानेत मज्जारज्जूला इजा झाली, खांद्याखाली हालचाल नाही. इस्पितळात नर्सला बोलवायचं बटण उशाशी लोंबत असे, पण ते दाबायला बोट हलावं लागतं! घरी आल्यावरही प्रश्न तोच. रात्री कूस बदलायची झाली, तहान लागली, तर पलीकडच्या खोलीतल्या काकीला उठवायचं कसं?

हाक मारून, असं आपण सहज म्हणू. पण मोठी हाक मारायला छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंनी हवा जोरात बाहेर ढकलावी लागते, आणि त्यांच्या नसा निघतात छाती-पाठीच्या मणक्यांतून, म्हणजे इजेच्या खालून. उरतं ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा. त्याच्या नसेचे धागे मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून येतात, म्हणून काकांचा श्वास चालतो. आवाज मात्र शेजारच्या खोलीपर्यंत पोचत नाही. जिभेची गोष्ट वेगळी. तिची नस मज्जारज्जूत न शिरता थेट मेंदूच्या बुडातून निघते, त्यामुळे ती शाबूत आहे.

म्हणून आम्ही हाकेचा नाद सोडला आणि ‘च्यक्’ धरलं. बैल हाकताना किंवा हळहळताना आपण जिभेने काढतो तोच आवाज. जीभ टाळूला पुढून-मागून चिकटते, मध्ये थोडी हवा कोंडते. जीभ खाली ओढली की त्या पोकळीतला दाब घटतो आणि ती सुटताच बाहेरची हवा फटकन आत घुसते. यात फुप्फुसांचा काहीच संबंध नाही. श्वास रोखूनही करून बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू भाषांत असे आवाज चक्क व्यंजनं म्हणून वापरतात.

ऐकायला लागतो वाटाण्याएवढा माइक. त्यातल्या पातळ पडद्यात किंवा त्याच्या मागच्या चकतीत कायमचा विद्युतभार कोंडलेला असतो; आवाजाने पडदा हलला की व्होल्टेज बदलतं. हा इलेक्ट्रेट माइक गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये तयार केला. बाजारात मिळणाऱ्या तयार सर्किटच्या पट्टीवर माइकशेजारी एक निळा ठोकळा असतो, त्यावर पितळी स्क्रू. स्क्रू फिरवून पातळी ठरवायची. आवाज तिच्यावर गेला की पट्टी ‘हो’ म्हणते, नाहीतर गप्प.

इथवर सोपं. कठीण आहे ते काय ऐकायचं नाही हे ठरवणं.

एका ‘च्यक्’चे पट्टी तीन ‘हो’ देई, कारण आवाज लहरत विरतो आणि खोलीच्या भिंतीही त्याचा तुकडा परत पाठवतात. म्हणून घंटा वाजवणाऱ्या आर्डुइनोला, म्हणजे सूचना भरता येणाऱ्या छोट्या संगणक-पट्टीला, सांगितलं, एक ठोका ऐकलास की ८० मिलिसेकंद कान बंद ठेव. मग पाल. ती एका दमात पाच-सात वेळा चुकचुकते. काकांनी तोडगा काढला: दोन ठोके, थांबायचं, पुन्हा दोन. लागोपाठ तिसरा ठोका आला तर सगळं रद्द. शंकेची पाल अशी निकालात निघाली.

मग जून आला. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की माइक अखंड ‘हो, हो’ म्हणत राही. पातळी वाढवली तर काकांचा आवाजही बुडे. इथे भौतिकशास्त्र कामी आलं. तोंडासारख्या छोट्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. खिडकीतला माइक २ मीटरवर होता. टेबललॅम्पच्या वाकणाऱ्या दांडीवर बसवून तो गालापासून २५ सेंटिमीटरवर आणला. अंतर तीनदा निम्मं, म्हणजे सुमारे १८ डेसिबल, ध्वनिदाब आठपट. पाऊस मात्र छपरावरून सगळीकडून येतो. त्याला माइक दांडीवर काय नि खिडकीत काय, सारखाच. पितळी स्क्रू मग बिनधास्त वर नेता आला.

एवढ्यात एकदा उंदराने वायर कुरतडली आणि घंटा मुकी झाली. कळलं सकाळी. त्या रात्रीबद्दल काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता वायरीतून सतत बारीक प्रवाह वाहतो आणि तो तुटला की घंटा वाजते. बिघाड झाला तर बोंब व्हावी, शांतता नव्हे. खाऱ्या हवेने सांधा हिरवा पडून तुटला, तरीही ती वाजेल. वीज गेली तर बॅटरी आहेच. पावसाळ्यात ती किती वेळा कामाला येते ते विचारू नका.

आणखी एक गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची. घंटा वाजल्यावर तिच्यापाशी एक झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावलं ते नर्सला दिसेल, अशी त्यांची मागणी होती. आमची घंटाही एकदा सुरू झाली की आपणहून थांबत नाही. थांबवायचं बटण स्वयंपाकघरात नाही, काकांच्या उशाशी आहे. काकीला भाकरी टाकून यावंच लागतं, म्हणून त्या बटणावर कायम तांदळाच्या पिठाचा ठसा असतो.