न दिसणारी अक्षरे

सोलापुरातील एका चादरीच्या दुकानाची ग्राहकयादी संगणकावर लावताना ‘सात रस्ता’ हा एकच भाग दोनदा, वेगवेगळ्या आकड्यांसह दिसू लागला. अर्धी दुपार शोधाशोध केल्यावर कळले, की काही नोंदींत ‘रस्ता’नंतर स्पेसबार एकदा जास्त दाबला गेला होता.

आपल्याला जी मोकळी जागा वाटते, ती संगणकाच्या लेखी ‘क’ किंवा ‘ख’ इतकीच खरी अक्षरखूण असते आणि तिला स्वतःचा क्रमांक असतो: स्पेसचा ३२, टॅबचा ९, नव्या ओळीचा १०. दोन मजकूर सारखे आहेत का, हे संगणक असे क्रमांक ताडून ठरवतो. शेवटी एक ३२ वाढला, की नोंद निराळी झाली.

पायथॉन आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषांतील अनुक्रमे ‘स्ट्रिप’ आणि ‘ट्रिम’ या आज्ञा मजकुराच्या फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटतात. हे योग्यच आहे, कारण सरसकट सगळ्या स्पेस काढल्या तर ‘होटगी रोड’चे ‘होटगीरोड’ होईल. मध्ये दोन-तीन स्पेस पडल्या असतील, तर शब्द सुटे करून एकेका स्पेसने पुन्हा जोडावेत.

वेबपानावरून उचललेल्या मजकुरात मात्र १६० क्रमांकाची, ओळ तुटू न देणारी स्पेस येते. ती दिसते अगदी ३२सारखी, पण एक्सेलचे ‘ट्रिम’ फक्त ३२ ओळखते, त्यामुळे ती तशीच राहते. त्याहून छुपी ती ८२०३ क्रमांकाची शून्य रुंदीची स्पेस: अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाणपद्धती, म्हणजे युनिकोड, तिला मोकळ्या जागेत धरतच नाही, म्हणून पायथॉनचे ‘स्ट्रिप’ही तिला सोडून देते. तिचा क्रमांक देऊनच ती काढावी लागते.

इथे ‘न दिसणारे सगळेच काढा’ असा सोपा सल्ला मिळतो, आणि मराठीपुरता तो घातक आहे. ‘दऱ्या’मधील कमानीसारखा अर्धा र काही मजकुरांत साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक अशा तीन खुणांनी लिहिलेला असतो. तो जोडक काढला, की र रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढतो आणि डोंगरातील दऱ्यांचा दर्या होतो; ‘आचाऱ्यास’ दिलेली चादर ‘आचार्यास’ जाते. त्यामुळे त्या यादीतून मी १६०च्या जागी ३२ घातला, ८२०३ काढून टाकला, टोके छाटली आणि ८२०५ला हात लावला नाही.